पेटी

परिपत्रक आलं तेव्हा मार्च होता,
सावळजच्या माळावर बेदाण्याची शेडं भरली होती.
'प्रत्येक शाळेने तक्रारपेटी बसवावी,
फोटो अपलोड करावा.'
बुटांच्या खोक्याला आम्ही लाल कागद चिकटवला,
वर फट पाडली, फोटो काढला.
आठवड्यानं उघडली तर आत
सात चिंचोके, गोळीचा चुरगळलेला कागद
आणि 'शाळेला घसरगुंडी पायजे'.
मी शेरा मारला: तक्रार निरंक.

निरंक काही नव्हतं.
पूर्वा दारात दिसली की मागून कुजबुज यायची,
काडेपेटी आली, काडेपेटी.
दोघंतिघं नाक धरायची,
एकजण गाल फुगवून
फुर्र करून विझवायचा तिला.

तिची आई शेडवर.
जाळ्यांवर मणी पसरायचे, पंधरवड्यानं झाडून काढायचे,
मग गंधकाची धुरी,
बाजारात मालाचा रंग उठून दिसावा म्हणून.
शाळा सुटली की पोरगी तिथंच,
रिकाम्या क्रेटवर बसून
तेराचा पाढा घोकत,
धुरी वेण्यांत घेत.

खिचडीच्या पंगतीत
तिच्या दोन्ही अंगांना
एकेका ताटाएवढी जागा सुटलेली.
कुणी आखून दिली नव्हती,
पण पट्टी लावली असती
तर रोज तेवढीच भरली असती.

मी हर्षवर्धनला उभं केलं.
शेड त्याच्याच चुलत्याचं.
"कुणी शिकवलं रे तुला हे?"
त्यानं खाली बघितलं,
मग माझ्याकडं,
मग खिडकीकडं.
मला वाटलं, लक्षच नाही कार्ट्याचं.
दोन दिवस मधल्या सुट्टीत आत बसवलं त्याला.

शनिवारी पेटीत चिठ्ठी.
खाली नाव नाही,
पण 'ख' फोडून लिहिणारा वर्गात एकच:
'बाई आदी तुमी रिवडकी उगडली'

फेब्रुवारीतली सकाळ.
हजेरी घेता घेता मीच म्हटलं होतं,
कसला गं बाई हा वास,
आणि उठून कडी काढली होती.
नाव कुणाचंच घेतलं नव्हतं मी.
सत्तावीस माना वळल्या,
एक खाली गेली,
आणि मी पुढचा हजेरी क्रमांक पुकारला.

सोमवारी वर्गाला सांगितलं, चुकलं माझं.
डी.एड.ला यावर धडा नव्हता.
पोरं अशी बघत राहिली
जसा फळाच खाली पडलाय.
पूर्वा खोडरबरानं
कोरं पान खोडत होती.

दुपारी ताट घेऊन मी त्या जागेत बसले.
गुडघे वाजले, पोरं हसली, हसू दिलं.
पूर्वा जराशी सरकली.
मला वाटलं, जागा देतेय.
मग कळलं,
आपला फ्रॉक बाईंच्या साडीला लागू नये
म्हणून आवरून घेतेय.
तो घास मला आजही गिळायचा आहे.

दुसऱ्या अंगाची जागा तीन दिवस तशीच.
मी कुणाला बोलावलं नाही.
चौथ्या दिवशी हर्षवर्धननं ताट सरकवलं,
पुरतं नाही, अर्ध्यापर्यंत.
बराच वेळ नुसता वाटाणे वेचत बसला.
मग म्हणाला,
"धुरीच्या खोलीत डोळं चुरचुरत न्हाईत व्हय गं?"
"चुरचुरत्यात की. मिटून घ्यायचं."
पाढ्यांखेरीज तिचा आवाज
मी पहिल्यांदाच ऐकला.

रजिस्टरात मी निरंक खोडलं.
तक्रार: एक.
'कुणाविरुद्ध' या रकान्यात
माझं नाव घातलं, आडनावासकट.
मुख्याध्यापक म्हणाले, हे वर कसं पाठवायचं हो बाई?
मलाही माहीत नाही.

काल मैदानावर कुणीतरी ओरडलं, "काडे..."
आणि पुढचं गिळलं.
खिडकी आता प्रार्थनेआधीच उघडते मी,
वर्ग रिकामा असताना.